त्रेसष्ट नंबरची हजेरी

"शाळा सुटली का गं पोरी, का शाळंनं तुला सोडलं?"

गयाबाईनं हे विचारलं तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते. मी बार्शी टाऊनच्या फलाटावर, कडुनिंबाखालच्या बाकावर, निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज आणि लाल फितींनी वर बांधलेल्या दोन वेण्या अशा थाटात बसले होते. अशा वेशात खोटं बोलणं अवघड असतं.

"सुट्टी हाय," मी म्हटलं.

"कशाची?"

"मोठं माणूस वारलंय एक."

"कोन?"

मला नावच सुचेना. "लांबचं हाय कुनीतरी," मी म्हटलं.

गयाबाई पदर तोंडाला लावून हसली. भाजलेल्या शेंगांची पाटी घेऊन ती दोन गाड्यांच्या मधल्या वेळात त्याच बाकाच्या टोकाला टेकायची. गाड्याही काय, छोट्या रुळांवरनं खेळण्यासारख्या डुलत यायच्या, दिवसातून मोजक्या. बाकीचा वेळ फलाटावर ती, मी आणि एक खरजेचं कुत्रं.

"तीन दिस झालं बघतीया मी," ती म्हणाली. "माणूस एवढं मोठं व्हतं व्हय, का तीन दिस सुट्टी?" मग तिनं मूठभर शेंगा माझ्या ओच्यात टाकल्या. "आन् ती दुसरी? ती बी तुझ्याच शाळंची का?"

"कोन दुसरी?"

"काल दुपारी रुळाच्या पल्याड हुबी व्हती. असलाच निळा परकर. तुझ्याकडंच बघत व्हती की."

"माझ्यासंगं कोन न्हाई," मी म्हटलं.

ते मात्र खरं होतं.

आम्ही बार्शीत आलो त्याला महिनाही झाला नव्हता. आम्ही म्हणजे मी आणि आप्पा. आई गावाकडे, भूमच्या पुढं, आजोबांच्या दुखण्याला अडकून पडली होती. आप्पा हिवताप खात्यात. पहाटे सायकलला खाकी पिशवी अडकवून निघायचे. पिशवीत काचेच्या पट्ट्या, सुया, स्पिरिटची बाटली. गावोगाव प्रत्येक दारात उभं राहायचं, विचारायचं, "कुनाला ताप हाय का?" असला तर बोटातलं रक्त काचेवर घ्यायचं, नसला तर भिंतीवर तारीख लिहायची आणि पुढच्या दारात. दिवसाला साठ-सत्तर घरी हे विचारून संध्याकाळी परत आले की त्यांच्यात विचारण्याची ताकद उरत नसे. आम्ही दोघं समोरासमोर बसून भाकरी खायचो. कंदील नव्हता, चांगला दिवा होता, पण उजेडात बघण्यासारखंही काही नव्हतं.

शाळेत आठवीच्या वर्गात बासष्ट मुली होत्या. एकतीस बाकं. मी त्रेसष्टावी. वैद्य बाईंनी हजेरीपटाच्या शेवटच्या ओळीत माझं नाव लिहिलं आणि मला नकाशांच्या कपाटाशेजारी एक स्टूल दिलं. कपाटाचं दार उघडं असलं की मी फळ्याजवळून दिसत नसे, आणि ते दार बंद होत नसे.

वैद्य बाईंच्या वर्गात जोडीची पद्धत होती. बाकावरच्या दोघी म्हणजे एक जोड. एक जण तीन दिवस आली नाही, की चौथ्या दिवशी दुसरीनं तिच्या घरी जायचं, चौकशी करायची आणि वर्गात उभं राहून सांगायचं. "बाई, तिला गोवर आलाय." "बाई, तिच्या मामाचं लग्न आहे, ती सोमवारी येते म्हणाली." मला ते फार आवडायचं. माणूस नसल्याचीसुद्धा कुणी बातमी सांगतं, हे मला नवीन होतं.

"आणि माझी जोड, बाई?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"पुढची नवीन मुलगी आली की ती तुझी जोड," बाई म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. त्यांच्यापुढे त्रेसष्ट वह्या होत्या आणि चष्म्याचा नंबर बदलायचा राहिला होता. त्यानंतर वर्गाच्या दारात पावलं वाजली की मी मान वर करायचे. नवीन मुलगी काही आली नाही.

हजेरी नंबरांनी व्हायची. बाई मान खाली घालून नंबर घ्यायच्या आणि वर्गातून "हजर बाई, हजर बाई" असं भराभर तडतडत यायचं. माझा नंबर आला की मी आमच्या गावच्या शाळेत म्हणायचे तसंच म्हणायचे, "हाऽजर बाई." हा जरा लांबवून, शेतातल्या माणसाला बांधावरून हाक द्यावी तसा. पुढच्या बाकांवर खुसखुस व्हायची. दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत कुणी माझ्या अंगावरून गेलं की "हाऽऽ" एवढंच म्हणायचं. एवढंच. पण कोणी मला दुसरं काहीच म्हणत नव्हतं, त्यामुळे ते फार मोठं वाटायचं.

माझ्यापेक्षा जास्त हसू फक्त एका नंबरावर यायचं. सतरा. त्रिवेणी कासार, शेवटच्या बाकावरची, खिडकीकडची. तिची जीभ अडायची. सतरा म्हटलं की तिचं "ह… ह… ह…" सुरू व्हायचं, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. पुढून कोणीतरी म्हणायचं, "कॅसेट अडकली!" आणि सगळा वर्ग हसून घ्यायचा. बाई पटावर रेघ मारून अठरावर गेलेल्या असायच्या. तिची जोड शैला तिच्याच बाकावर बसायची खरी, पण एसटीत अनोळखी माणसाशेजारी बसावं तशी, कडेला, बाहेर तोंड करून.

मी शाळेत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी हे पहिल्यांदा झालं, तेव्हा मी स्टुलाखाली वाकलेली होते. आप्पांनी नव्या शाळेसाठी शाईचं पेन घेऊन दिलं होतं आणि त्याचं टोपण हातातून निसटून कुठं तरी गडगडलं होतं. मी डोकं वर काढलं तेव्हा हसणं संपलेलं होतं आणि शेवटच्या बाकावरची एक मुलगी माझ्याकडे एकटक बघत होती. तोंडाला कपाटाखालची जळमटं लागली असतील असं वाटून मी बाहीनं तोंड पुसलं. तरी ती बघतच राहिली.

तिसऱ्या आठवड्यात मी ठरवलं, की शाळेत जायचं नाही. रुसून नव्हे. माझा एक हिशेब होता. तीन दिवस मी गेले नाही, तर चौथ्या दिवशी नियमानं कुणाला तरी माझ्या दारात यावं लागेल. मला जोड नाही, म्हणजे बाई कुणाला तरी उठवतील. "त्रेसष्ट का येत नाही? जा गं कोणीतरी, बघून या." मग कोणीतरी येईल. कोणीही येईल, "हाऽऽ" म्हणणारी का होईना. मी तिला गूळ-पाणी देईन. स्टीलचा पेला घासूनपुसून फळीवर ठेवला होता मी.

गयाबाईनं विचारलं तो चौथा दिवस. संध्याकाळी मी धावत घरी गेले आणि आमच्या घरमालकीण काकूंना विचारलं, "काकू, कोन आलं हुतं का?"

त्या तांदूळ निवडत होत्या. "कोण येणार?"

"शाळंतलं कोनी?"

"तूच की शाळेतली. आलीस." आणि त्या पुन्हा खड्यांकडे वळल्या.

पाचव्या दिवशी कोणी आलं नाही. सहाव्या दिवशी नाही. मधे रविवार गेला. सातव्या, आठव्या दिवशीही फळीवरचा पेला तिथंच. मला आता हट्टच चढला. रोज अकरा वाजता फलाटावर, पाचला घरी. गयाबाईनं विचारणं सोडून दिलं होतं, ती नुसती शेंगा द्यायची आणि कधी म्हणायची, "आली व्हती बघ आज बी, ती पल्याडची. तू डबा खात व्हतीस. गाडी मधी आली, मंग दिसंना." मी मान वळवून बघितलंही नाही. स्टेशनाच्या पलीकडे वस्ती होती, निळ्या परकराच्या मुली तिथून येत-जात असणारच. बघायला थांबेल असं मी कुणाचं काही नव्हते.

नवव्या दिवशी संध्याकाळी आप्पांनी पातेल्याचं झाकण उचललं.

"हेमे, सकाळचा भात तसाच कसा?"

"डब्यात न्हेला हुता की."

"त्यातला न्हवं, ह्यातला. दोन दिवस बघतोय." त्यांनी पालथा हात माझ्या कपाळाला लावला. मग गालाला. मग उठून खाकी पिशवी आणली. "बोट दे."

"आप्पा, मला ताप न्हाई."

"ज्याला असतो ते बी असंच म्हनतंय. ताप आल्यालं माणूस आपनहून सांगत न्हाई, हेमे. दारात जाऊन इचारावं लागतं, तवा कुठं सांगतं."

स्पिरिटचा गार बोळा, सुईचा टोचा, काचेवर लाल थेंब. आप्पांनी तो दुसऱ्या काचेनं पसरला, कागदात गुंडाळला, त्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं: हेमलता बाबुराव उंबरे. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझं पूर्ण नाव लिहीत होतं. मला वाटलं, आता विचारतील. शाळा कशी आहे, मैत्रिणी कोण. पण ते काच पिशवीत ठेवून झोपले.

दोन दिवसांनी म्हणाले, "काय निघालं न्हाई. चांगली हायस."

मला जरा वाईटच वाटलं. निदान मलेरिया तरी निघायला हवा होता. आजार नाही, शोध नाही. आता तिथंच बसून राहायचं तर फलाटावरचं कुत्रंसुद्धा ओळखीचं झालेलं. बाराव्या दिवशी मी शाळेत गेले.

पोचायला उशीर झाला. दारापर्यंत गेले तर हजेरी संपत आलेली होती. बाईंची मान खाली. "साठ. एकसष्ट. बासष्ट." मी आत पाऊल टाकणार, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "त्रेसष्ट."

"हाऽजर बाई."

तो आवाज माझा होता. तोच लांबवलेला हा, तीच गावची चाल, बांधावरची हाक. पण मी तर दारात उभी होते आणि माझं तोंड बंद होतं. मी वळून शेवटच्या बाकाकडे बघितलं. त्रिवेणी कासारचे ओठ अजून मिटायचे होते.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. म्हणजे मी नाही तेव्हा इथं रोज हा खेळ चालतो. मी स्टेशनावर वाट बघत बसते, आणि इथं माझ्या रिकाम्या स्टुलावर हसतात. आणि नक्कल कोण करतंय, तर जिला स्वतःचं धड म्हणता येत नाही ती.

"बाई," मी दारातूनच ओरडले, "मी हितं हाय! ती माझी नक्कल करतीया!"

बाईंनी मान वर केली. बहुतेक महिन्यात पहिल्यांदा. दाराकडे बघितलं, शेवटच्या बाकाकडे बघितलं.

"कोण? त्रिवेणी? उभी राहा."

ती उभी राहिली.

"तू म्हणालीस आता? दुसऱ्याची नक्कल करतेस? मग पुन्हा म्हण बघू. सगळ्यांसमोर म्हण."

तिची मान ताठ झाली. डोळे मिटले. "ह…" ओठ थरथरले. "ह… ह… ह…"

"कॅसेट!" कोणीतरी म्हणालं आणि वर्ग फुटला. बासष्ट मुली हसल्या असं म्हणता आलं असतं. पण एक उभी होती, म्हणजे एकसष्ट. आणि त्रेसष्टावी मी. मी हसले. सगळ्यांबरोबर, मोठ्यानं. पहिल्यांदाच मी त्या वर्गात सगळ्यांच्या बरोबर काहीतरी करत होते, आणि खरं सांगते, इतकं बरं वाटलं.

बाईंनी तिच्या उजव्या हातावर दोन पट्ट्या मारल्या. तिनं हात मागे घेतला नाही.

मधल्या सुट्टीत पुढच्या बाकावरच्या मुलींनी मला बोलावलं. "ये गं, इकडे बस. काय आणलंयस?" मी डबा घेऊन गेले. गोलात बसले. कुणीतरी माझ्या भाकरीवर लोणचं वाढलं. गोलात शैलाही होती. ती माझ्याकडे बघत होती.

"पण कमाल आहे हां तुझी," ती म्हणाली.

"का?"

"तिनं अकरा दिवस तुझी हजेरी लावली आणि तू तिलाच मार बसवलास. भांडलात का तुम्ही?"

"कसली हजेरी?"

"घ्या! रोज म्हणायची की तुझं. हाऽजर बाई म्हणून. स्वतःचं अडतं, तुझं एकदम सुरळीत. आम्हाला वाटलं, तुझीच मैत्रीण, तूच सांगून गेलीस तिला. म्हणून तर कुणी बाईंना बोललं नाही."

"हो ना," दुसरी म्हणाली, "आम्हाला वाटलं तुमचं ठरलंय."

लोणच्याचा घास माझ्या तोंडात तसाच राहिला. सगळ्या वर्गाला माहीत होतं, की मला मैत्रीण आहे. मला सोडून.

बाईंच्या टेबलावर हजेरीपट होता. सुट्टीत वर्गात कोणी नव्हतं. मी शेवटची ओळ काढली. हेमलता बाबुराव उंबरे. पुढं तिरप्या रेघा, एकापुढे एक, न चुकता. मी फलाटावर बसले होते त्या प्रत्येक दिवशी मी इथं हजर होते. शेवटच्या बाकावर खिडकीपाशी जागा रिकामी होती. मधल्या सुट्टीत ती रोज घरी जेवायला जायची. फाटक ओलांडून, रुळाच्या पल्याड.

त्या दिवशी ती दुपारी परत आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी शैलाला म्हटलं, "तू जानार ना तिच्या घरी?"

"तीन दिवस होऊ देत की," शैला म्हणाली. "आणि जाऊन काय करू? ती बोलणार केव्हा, मी घरी येणार केव्हा."

तीन दिवस थांबण्याचं मला काही कारण दिसेना. शाळा सुटल्यावर मी फाटक ओलांडून गेले. गयाबाई तिथंच होती. "ती पल्याडची कुठं राहती?" मी विचारलं. तिनं शेंगांनी भरलेल्या हातानंच बोळ दाखवला.

घरात पुढच्या खोलीत बांगड्यांच्या माळा टांगलेल्या होत्या, हिरव्या, लाल, चटणी रंगाच्या. त्रिवेणीची आई एका नव्या नवरीचा हात चेपत बसली होती. नवरी गेल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं, काही न विचारता माझा हात ओढून घेतला.

"किती आखडून धरलाय गं हात. सैल सोड."

"काकू, त्रिवेणी…"

"सैल सोड म्हंते ना. हात सैल सोडला तरच बांगडी जाती." तिनं माझी बोटं गोळा केली, अंगठा आत दाबला. "तू हेमलता काय?"

"तुमाला कसं कळलं?"

"घरात रोज तुझंच चाललंय. आरशापुढं हुबी ऱ्हाऊन म्हणायची, हाऽजर बाई, हाऽजर बाई. म्या म्हटलं, ह्या पोरीचं काय चाललंय काय. पर बोलली की गं! एकदा बी अडली न्हाई." एक बांगडी आत गेली. "काल आली ती हातावर वळ घेऊन. इचारलं तर सांगंना. सांगाया तिला येळ लागतो आन् ऐकाया आमाला येळ नसतो. आता म्हंती शाळा नगं. तिचा बाप बी म्हंतोय, ऱ्हाऊ दे. बांगड्या भराया बोलावं लागत न्हाई."

मागच्या दारात त्रिवेणी उभी होती. किती वेळ, कोण जाणे. आईनं तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि "च्याचं बघते" म्हणून आत गेली.

मला काय बोलावं सुचेना. माझ्या बोलण्यात तर काही अडत नव्हतं.

"का केलंस?" शेवटी मी विचारलं.

ती बराच वेळ शब्द जुळवत होती. मी पायरीवर बसले. घाई नव्हती.

"ना-नाव कमी करतात," ती म्हणाली. "प-पंधरा दिवस झाले की. मग तू प-परत आली असतीस, आणि प-पटावर नसतीस."

"पन मला वाटत हुतं कुनीतरी शोधत यावं. कुनी आलंच न्हाई."

"मी आ-आले होते. स्टेशनवर."

"मंग हाक का न्हाई मारलीस?"

तिनं तोंड उघडलं. "हे… हे… हे…" मान ताठ झाली, डोळे मिटले. माझं नाव होतं ते. मी वाट बघितली. ते काही पुढे सरकेना. तिनं डोळे उघडून हात हलवला, गाडी मधून गेल्यासारखा.

"आन् माझाच आवाज का?"

"मा-माझ्यात जमत नाही," ती म्हणाली. "तुझ्यात जमतं."

आतून कपांचा आवाज आला. मी बांगडी फिरवत राहिले.

"मी हसले काल. तुझ्यावर," मी म्हटलं.

"ऐ-ऐकलं."

"मंग?"

"प-पहिल्यांदा हसली नव्हतीस. तू नवीन आलीस तेव्हा. स-सगळ्या हसल्या, तू नाही."

मला सांगायला हवं होतं. अगं, मी टोपण शोधत होते. मी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर कदाचित हसलेही असते, नव्या शाळेत सगळ्यांबरोबर हसायला मिळतंय म्हणून. जिभेवर आलं होतं सगळं. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, त्या दिवशी बघत होती तशी, की माझी जीभ अडली. तिचीच काय ती अडत होती असं थोडंच.

"उद्या येशील?" मी विचारलं.

ती दाराची कडी नुसती हलवत राहिली.

दुसऱ्या दिवशी घंटेआधी मी बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. वर्ग भरत होता. "बाई," मी म्हटलं, "मी अकरा दिवस शाळंत नव्हते."

"म्हणजे?"

"स्टेशनवर बसत हुते. त्रिवेणीनं नक्कल नाही केली. ती माझी हजेरी लावत हुती. मार मला बसाया पायजे हुता."

बाईंनी पट उघडला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेका रेघेवरून सरकवत नेलं. अकरा रेघा, त्यांच्या स्वतःच्या हातच्या. मग मान वर करून कपाटाकडे, उघड्या दाराकडे, त्याच्यामागच्या स्टुलाकडे बघितलं. मला वाटलं, आता पट्टी. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला.

"आणि मला कसं कळलं नाही?" त्या म्हणाल्या. मला विचारत नव्हत्या.

मी परत वळले, तर शेवटच्या बाकावर खिडकीपाशी ती होती. दप्तर अजून मांडीवरच, कधीही उठून जाता येईल असं. मी स्टूल उचललं. ओढत, खरखर आवाज करत वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलं आणि तिच्या बाकाला लावलं. शैला सरकली. "झालं," ती म्हणाली, "आता तिघींची जोड."

त्या दिवशी बाईंनी नंबर घेतले नाहीत, नावं घेतली. वेळ लागला. काही मुलींनी स्वतःचं नाव ऐकून गोंधळून "हो बाई" म्हटलं. सोळा झाले.

"त्रिवेणी कासार."

ती उभी राहिली. "ह…"

वर्ग गप्प होता, पण तो गप्पपणा मला माहीत होता, हसण्याच्या आधीचा. "ह… ह…"

"हजर बाई," मी म्हटलं.

बाईंनी पेन थांबवलं. "तू त्रिवेणी आहेस का?"

"न्हाई बाई. ती माझी जोड हाय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग रेघ मारली. नावं पुढं सरकली. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो. साठ, एकसष्ट, बासष्ट झाल्या.

"हेमलता उंबरे."

मी तोंड उघडलं. पण शेजारून आवाज आला होता, मोठा, लांब, मोकळा, बांधावरून दिल्यासारखा.

"हाऽजर बाई."

दहावीपर्यंत आमचं असंच चाललं. आता ती लातूरला असते, बांगड्यांचं दुकान आहे, सुना आहेत. मी इकडे, दोन खोल्यांत, एकटी. कधीकधी दुपारी फोन वाजतो. उचलला की पलीकडे काहीच नसतं, नुसता श्वास. दुसऱ्या कुणी चुकीचा नंबर समजून ठेवून दिला असता. मी खुर्ची ओढून बसते आणि थांबते.

ते टोपण मात्र मला कधीच सापडलं नाही, आणि तिला मी ते अजून सांगितलेलं नाही.